भिंतीला टेकून

२ फेब्रुवारी

आलो एकदाचे. टॅक्सीतून उतरल्यावर ताईनं घराकडे पाहिलं आणि म्हणाली, छप्पर बसवायचं राहिलं वाटतं. छप्पर आहे, पण सपाट. भिंतींच्या पुढे हातभर आलेलं, जाड, पांढरं. सत्तरेक वर्षांपूर्वी अशी घरं बांधायची टूम होती. मग लोक कंटाळले. त्यांनी वर उतरती छपरं चढवली, काचा बुजवल्या, लाकडाला ऑइलपेंट फासला. हे घर त्यातल्या त्यात कमी छळलेलं आहे.

मी फर्निचरच्या कंपनीत नकाशे काढते. त्या काळच्या बारीक पायांच्या खुर्च्यांच्या नकला काढण्यात उमेद गेली. आता रजा घेतली आहे आणि अख्खं घरच अस्सल मिळालं आहे. पूर्वेला जमिनीपासून छतापर्यंत काच. एकच लांब, बुटकं दालन, मध्ये आडभिंत नाही. मोझाईकच्या फरशीत बाटलीच्या हिरव्या काचेचे तुकडे. स्वयंपाकघरातून जेवणाच्या टेबलाकडे भांडी सरकवायला भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे. ताईनं पलीकडून तिच्यात डोकं घातलं आणि म्हणाली, एक तिकीट द्या, पुढच्या रांगेतलं.

काच ताईसाठी. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी तिला सकाळच्या उन्हात बसायला सांगितलं आहे. जुन्या फ्लॅटमध्ये ऊन यायचं ते समोरच्या इमारतीच्या खिडक्यांवरून, उसनं. भावजी गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. घर बदलायला ती तयार नव्हती. मीच मागे लागले.

पहिला चहा खोक्यांवर बसून घेतला. मागे सरकून बस गं, धाकटे, ताई म्हणाली. मी कुठेही बसले तरी कडेवर टेकते, हे तिला लहानपणापासून खटकतं. स्वतःच्या घरातसुद्धा पाहुण्यासारखी बसतेस, म्हणते.

५ फेब्रुवारी

मिस्त्री आजपासून यायला लागले. गोल, हसरे, हाताइतकंच तोंड चालणारे. मला मॅडम म्हणतात आणि ताईला मोठ्या मॅडम. ताईनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. अजून अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असते, कधी कुठलं आकड्यांचं कोडं समोर येईल सांगता येत नाही म्हणून. मिस्त्रींनी फळ्या किती लागतील ते सांगितलं, ताईनं तोंडी हिशेब करून ते खोडून काढलं. मिस्त्री म्हणाले, शाळा सोडली तरी ही बाई पाठ सोडत नाही.

काचेसमोरची लांब भिंत घराला शोभत नव्हती. मळकट पांढरा रंग, वाजवली की पोकळ आवाज. वर प्लाय ठोकलेला निघाला. खिळेच खिळे, काही काही ठिकाणी एकाला एक लागून. मिस्त्री वैतागले. एवढ्या खिळ्यांत आख्खी बोट बांधून झाली असती, आत वाघ कोंडलाय का काय.

प्लाय खाली आला. मागे सागवान. छतापर्यंत उभ्या फळ्या, एकाच झाडाच्या, रेषेला रेष जुळवून बसवलेल्या. उन्हानं फिक्या होऊन वाळूच्या रंगाच्या झालेल्या. प्लाय लागण्यापूर्वी त्यांनी बरीच वर्षं ऊन खाल्लं असणार. मधोमध, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, अंगठ्याएवढा एक गडद डाग. तेवढाच मूळ रंग उरलेला. तसबीर काढली की मागे तिचा गडद चौकोन राहतो, तसं. तिथे काहीतरी छोटंसं टांगलेलं असेल.

ताई बराच वेळ भिंतीवर हात फिरवत होती. म्हणाली, हे कुणी झाकलं असेल गं.

१० फेब्रुवारी

गॅरेजमध्ये जुन्या टायरांखाली एक बाक सापडलं. लांब, पाठ नसलेलं, भिंतीला जोडून बसवायचं. सागवानाचंच. भिंतीत खाली स्क्रूची भोकं होती, ती कशाची ते कळलं. बाक धरून पाहिलं तर भोकाला भोक जुळलं.

मिस्त्रींचं म्हणणं, नवं करू, हे एका जागी झिजलंय. खरंच, मधोमध बसून बसून खळगा पडला आहे. पण मी ऐकलं नाही. माझं एकच धोरण आहे: जे जिथे होतं ते तिथेच, होतं तसंच. नव्या फळ्या घालून जुनं घर होत नाही. संध्याकाळी बाक आपल्या जागी गेलं. आता ताई काचेकडे तोंड करून, भिंतीला पाठ टेकून उन्हात बसेल. घर मुळात याच एका बाकासाठी बांधल्यासारखं वाटतं.

१५ फेब्रुवारी

सगळं छान चाललं आहे. स्वयंपाकघराच्या दारांना मोरपंखी रंग देऊन झाला. तीन थरांखाली तोच सापडला होता, तोच मिळवून आणला. छताच्या दिव्यांच्या पत्र्याच्या टोप्या घासून पुसून लावल्या. ताईचा चेहरा सुधारतो आहे. जेवण वाढलं आहे.

भिंतीवरचा डाग मात्र वाढल्यासारखा वाटतो. लाकूड उघडं पडलं की काही दिवस रंग बदलतं, नवल नाही. तरी सवयीनं मी पेन्सिलनं त्याची कडा आखून ठेवली.

२१ फेब्रुवारी

डाग माझ्या रेषेबाहेर गेला. पुन्हा आखला. पुन्हा बाहेर गेला. आता तळहाताएवढा आहे आणि त्याला आकार आला आहे. वर गोल, खाली निमुळतं, त्याखाली दोन बारीक रेघा. लांबून कुणी चालत येताना दिसतं तसा.

आधी ताईनंच म्हटलं. बाकाच्या टोकाशी बसून कोडं सोडवता सोडवता चष्म्यावरून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, कुणीतरी येतंय आपल्याकडे. आम्ही दोघी हसलो. ताईनं त्या आकाराचं नाव पाहुणी ठेवलं आहे. सकाळी चहा देताना मला बातमी देते, पाहुणी आज फाटकापर्यंत आली. मी म्हटलं, तिच्यासाठी पण टाकते चहा. ताई म्हणाली, साखर विचारून टाक, कुणाला काय चालत नाही सांगता येत नाही.

२७ फेब्रुवारी

पाहुणी आता हातभर उंच आहे. खांदे दिसतात. केस कापलेले असावेत, मान मोकळी आहे.

मला ते आवडेनासं झालं म्हणून मिस्त्रींना घासायला सांगितलं. त्यांनी पॉलिशपेपर मारला, डाग तसाच. मग रंधा घेतला आणि एक पातळ साल काढली. साल उजेडात धरली तर तिच्यातही तोच आकार. खालीही तोच. फळीच्या मागच्या अंगाला, भिंतीमागच्या बोळातल्या कपाटातून पाहिलं, तर लाकूड स्वच्छ. मिस्त्री म्हणाले, ओल आहे. मग म्हणाले, तेल आहे. शेवटी म्हणाले, मॅडम, मी तुम्हाला यावर एक सुंदर प्लाय ठोकून देतो.

मी हसले. ते नेहमीसारखे हसले नाहीत. दालनातलं बाकीचं काम त्यांनी भिंतीकडे पाठ न करता केलं.

३ मार्च

समोर राहणारे काका रोपं घेऊन आले. वय झालं आहे, पण बागेत सकाळपासून वाकलेले असतात. बाहेरच बोलत उभे होते, आत या म्हटलं तर चपला मातीच्या आहेत म्हणाले. पायरीवरून त्यांना भिंत दिसली. उघडली का तुम्ही ती, एवढंच म्हणाले.

मी विचारलं तेव्हा थोडं सांगितलं. हे घर ज्यानं बांधलं त्या माणसाची बायको एक दिवस निघून गेली. कुठे ते कुणाला कळलं नाही. तिचं सामान, चपला, सगळं घरातच. त्यानंतर तो माणूस त्या बाकावरच बसून असायचा. ऊन आलं की बसायचा, ऊन गेलं की उठायचा. काका म्हणाले, शेतात राखण करायला बसतात ना मुली, तसा. कामधंदा सोडला, तब्येत गेली. शेवटी पुतण्या येऊन त्याला इथून घेऊन गेला. हात धरून नेताना मी पाहिला, काका म्हणाले, कागदासारखा झाला होता, शिरा मोजून घ्याव्यात. पुढे घर भाड्यानं द्यायचं म्हणून पुतण्यानंच बाक काढलं आणि भिंत झाकली.

आम्हाला घर विकलं ते त्याच पुतण्यानं. तो यातलं काही बोलला नव्हता.

ताईला मी हे सांगितलं नाही. पण ती भांडी सरकवायच्या त्या खिडकीपलीकडे कांदा चिरत होती, तिनं ऐकलं होतं. बिचारी, म्हणाली. कुणाबद्दल ते कळलं नाही.

८ मार्च

पाहुणी पोचली. बाकावर बसली आहे, भिंतीला टेकून. पूर्ण माणसाएवढी, हात मांडीवर. तो खळगा बरोबर तिच्याखाली येतो.

ती पोचल्यापासून वाढ थांबली. उलट आता फिकी होते आहे. ऊन कडक झालं आहे, काचेतून सरळ तिच्यावर येतं. मला बरं वाटलं. म्हटलं, महिन्याभरात उडून जाईल, भिंत एकसारखी होईल.

ताईला बरं वाटलं नाही. सकाळपासून अस्वस्थ होती. म्हणाली, तिच्यावर ऊन पडतंय गं. मी म्हटलं, लाकडावर पडतंय. ती म्हणाली, तेच ते.

ऊन सरायच्या आत ताई उठून तिच्यासमोर जाऊन बसली होती. पाहुणीच्या बरोबर पुढे, सावली तिच्यावर पडेल अशी.

१३ मार्च

ताई आता सकाळभर तिथेच असते. कोडं हातात, पण पेन्सिल अंबाड्यातच. उठ म्हटलं की म्हणते, डॉक्टरांनीच सांगितलंय.

आज तिचा मरून स्वेटर धुवायला घेतला. छातीवर, बाह्यांवर तो गुलाबी झाला आहे. पाठीमागून अजून मरून. दुकानात मांडून ठेवलेल्या कपड्यांचं असं होतं, वर्षानुवर्षं काचेआड राहिले की. ताई अशी पाहुणीपुढे बसायला लागल्याला आठवडाही झाला नाही.

१७ मार्च

नुसता स्वेटरच नाही. तिच्या हातांवर तीळ होते. लहानपणी मी ते जोडून त्यांच्या आकृत्या करायची. डाव्या हातावर मासा व्हायचा. आज तो मासा सापडला नाही.

भुवया फिक्या. ओठ आणि गाल एकाच रंगाचे. डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, रक्त चांगलं आहे म्हणाले, वजन जागच्या जागी आहे. थोडं फिरायला जा म्हणाले. ताईनं त्यांना विचारलं, ऊन घेऊ ना. घ्या घ्या, म्हणाले.

घरी आल्या आल्या बाकावर. मी नको नको म्हणत होते. ती चिडली नाही. म्हणाली, अगं, एवढी लांबून चालत आली ती. तिला असंच उन्हात टाकायचं?

१९ मार्च

मिस्त्रींनी काम सोडलं. दुसरीकडे घाईचं काम निघालं म्हणे. हत्यारं न्यायला आले तेव्हा मी विचारलं, खरं सांगा. ते म्हणाले, मॅडम, परवा मोठ्या मॅडम दालनातून चालत गेल्या. उन्हातून. फरशीवर त्यांची सावली पडली ती पाण्याच्या ग्लासाची पडते तशी. मी घाबरट माणूस आहे, बायकापोरांचा आहे. मग म्हणाले, प्लाय लावा. पैसे नका देऊ, माणूस पाठवतो.

मी ताईला बागेत नेलं. उन्हात उभं केलं. पायाखाली पाहिलं.

ते खरं बोलत होते.

२० मार्च

काचेला पडदे लावले. बाजारात मिळाले ते, जाड, काळे, मापाबिपाचा विचार केला नाही. खालून उघडे राहिले तिथे चादरी खोचल्या. दालन अंधारलं. ताई दार धरून उभी होती. विनवत होती. तिला मी असं विनवताना कधी ऐकलं नव्हतं, भावजींच्या वेळीसुद्धा. म्हणाली, अंधारात ती थांबायची नाही.

मी ऐकलं नाही.

२२ मार्च

ताईनं पडदे उतरवले. मी बाजारात गेले होते.

पाहुणी बाकावर नव्हती. भिंतीत उभी होती, पाठमोरी, ढोपरभर उंचीची. निघाली होती. ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं, आत.

आता कळतं. प्लायमागे इतकी वर्षं अंधार होता. अंधारात ती चालत चालत अंगठ्याएवढी झाली होती. आम्ही प्लाय काढला, उजेड दिसला, ती परत फिरली.

ताई माझ्याशी बोलत नाही.

२६ मार्च

पाहुणी परतली. बसली. लगेच फिकी व्हायला लागली. ताई तिच्यापुढे जाऊन बसली. दोघी एकीमागे एक. मी खिडकीच्या चौकोनातून पाहत होते आणि एक क्षण मला ताईमधून भिंतीच्या रेषा दिसल्या.

घर सोडायचं. सामान राहू दे, भिंत राहू दे. हॉटेलात खोली घेतली आहे. ताईला सांगितलं. वाटलं होतं, भांडेल. ती म्हणाली, बरं. तू म्हणशील तसं, धाकटे. आवाजही फिका झाला आहे.

२७ मार्च

सकाळी बॅगा भरल्या. टॅक्सी फाटकाशी आली. ताई दारापर्यंत आली, बुटाच्या नाड्या मी बांधल्या. ती म्हणाली, शाल बाकावर राहिली.

मी आणते म्हटलं. ती म्हणाली, मी काय म्हातारी झाले का. हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून मी जाऊ दिलं.

मी बॅग टॅक्सीत ठेवली. परत आले. आत आवाज नाही.

बाकावर शाल. चष्मा. बूट बाकाखाली, नाड्या बांधलेल्या तशाच.

भिंतीवर पाहुणी नाही. कापलेल्या केसांची ती नाही. भिंतीवर गडद, ताजी, नव्या सागवानाच्या रंगाची बाई बसली आहे. डावा खांदा उतरलेला, ऑपरेशननंतर उतरला तसा. डोक्यामागे अंबाडा.

अंबाड्यातून पेन्सिल बाहेर आलेली.

२९ मार्च

पोलीस येऊन गेले. चांगली माणसं. टॅक्सीवाल्याला विचारलं, काकांना विचारलं. बाईसाहेब कुठे जाऊ शकतात, मैत्रीण, देवदर्शन, काही भांडण. मी भिंत दाखवली. साहेबांनी पाहिली. छान काम आहे म्हणाले, लाकडावर हुबेहूब उतरवलंय. मग माझ्याकडे पाहून वही मिटली आणि मला पाणी आणून दिलं.

१ एप्रिल

काका आत आले. पहिल्यांदाच. भिंतीसमोर उभे राहिले. मी विचारलं, त्या माणसाची बायको केस कापायची का. काकांनी मान डोलावली.

ते म्हणाले, माझ्याकडे चल, मुली, सून आहे, खोली आहे. तो पण आधी रडायचा. मग बसायला लागला. बसू नकोस.

हो म्हटलं.

३ एप्रिल

ताई फिकी होते आहे. पेन्सिलीचं टोक गेलं.

पडदे लावले. दारामागे थांबले, हळूच उघडून पाहिलं. ती उठली होती. पाठ फिरवली होती. ताईनं माझ्याकडे पाठ— पडदे ओढून काढले, कड्यांनी बोटं कापली. ती परत येईपर्यंत मी तिथेच उभी.

४ एप्रिल

उभी फळी लावून पाहिली तिच्यापुढे. ती फळीच्या सावलीतून सरकते, बाजूला, उन्हात. कपाट ठेवलं. तेच. खुर्चीवर तिचा स्वेटर घालून ठेवला. तेच.

उजेडात येते आणि उडते. अंधारात निघून जाते. कुणी पुढे बसलं तरच थांबते. माणसाची सावली हवी. त्या नवऱ्याला हे कळलं असणार. मग ताईला कळलं.

रंग आता जुन्या चहासारखा. चेहऱ्याची कड कळत नाही. आठ दिवस टिकेल. नाही टिकणार.

५ एप्रिल

थोडाच वेळ बसले. कडेवर.

ती थांबली. रंग गेला नाही. सावलीत उलट गडद—

दुपारी काकांचा फोन. जेवायला ये म्हणाले. येते म्हटलं.

७ एप्रिल

ऊन असेपर्यंत बसते. ढग आले की उठते, खाते. काका फाटकाशी येऊन हाका मारतात. काचेतून हात करते. ते माझ्याकडे पाहत नाहीत, जरा बाजूला पाहतात, मी कुठे आहे ते शोधल्यासारखं.

साडीवरची फुलं गेली. असू दे.

माझ्या हातावर भाजल्याचा डाग होता, लहानपणचा, इस्त्रीचा. ताईनं त्यावर बर्फ धरला होता. तो—

१० एप्रिल

समोर काच. काचेत दालन दिसतं. भिंत दिसते. ताई दिसते, गडद, नीट, पेन्सिलीसकट. तिच्यापुढे बाक. बाकावर

मी असायला हवी

बहुतेक सकाळ

वही मांडीवर. उन्हात लिहिते आहे. मागची पानं चाळली. फेब्रुवारी गडद. मार्च बरा. कालचं वाचता येत नाही. पेन नवं आहे.

पेनाची सावली कागदावर पडते. हाताची नाही.

भीती वाटत नाही आता. खोटं. वाटते. पण उठले तर तिच्यावर ऊन येईल. एवढं एकच आहे, बाकी—

मिस्त्रींचा माणूस आला आहे. फाटकाशी. खांद्यावर प्लाय. काकांनी बोलावला असेल. काका दार वाजवताहेत. म्हणताहेत, उठ, मुली, झाकून टाकू. झाकलं तर ती निघेल. किती लांब जाईल. अंगठ्याएवढी. मी तिला कुठे

दार लावलंय. कडी आहे. मोडतील.

मागून आवाज. रोजचाच. चष्म्यावरून बघत बोलते तसा. कडेवर काय टेकलीस गं, धाकटे. मागे सरकून बस.

सरकते आहे. पाठ भिंतीला लागायला हवी होती. लागली नाही. अजून जागा आहे. ऊबदार आहे. सागवानाचा वास. आणखी जरा मागे, आणखी
—